दवाखान्यातली मराठी

कानडी मुलखातल्या औरादच्या ज्या कॉलेजात मी मराठी शिकवत होतो, तिथं मराठी घेणारी पोरं दरवर्षी कमी होत गेली आणि एका वर्षी कुणीच आलं नाही. मी कायम नोकरीत नव्हतो. अतिथी प्राध्यापक होतो. उन्हाळा संपला की फोन यायचा आणि मी पुन्हा वर्गावर जायचो. त्या वर्षी फोन आला नाही. कुणी काढून टाकलं नाही, कुणी काही बोललं नाही. शेवटी मीच प्राचार्यांना भेटायला गेलो. त्यांनी चहा मागवला, घरच्यांची चौकशी केली, आणि चहा यायच्या आतच मला सगळं कळलं.

बायको गुलबर्ग्याला एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. तोवर ती तिकडं खोली करून राहायची आणि मी औरादला. मी पुस्तकं पोत्यांत भरली आणि तिच्याकडं गेलो. डाळ मिलच्या मागची दोन खोल्यांची जागा होती ती. खिडकी उघडी राहिली की तुरीचा बारीक भुसा गादीवर येऊन बसायचा. दारावर मी माझ्या नावाची पाटी ठोकली, नावाआधी 'प्रा.' असलेली. घरमालकानं ती वाचून बायकोला विचारलं, हे 'प्रा' म्हणजे काय. तिनं काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

बायको भालकीची. तिच्या मामाचं इथल्या गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, तुरीचं अडत दुकान होतं. हिशेबाला माणूस पाहिजे, या म्हणाले. मी गेलो नाही. गल्लीतल्या एकानं मुलांच्या शिकवण्या घ्याल का म्हणून विचारलं. मी नुसता हसलो. मराठीत एम.ए. केलेला, कॉलेजात शिकवलेला माणूस मी. आता खाली कुठं उतरायचं? आणि जे काम खरंच जमण्यासारखं असायचं, त्याला माझं एक उत्तर तयार असायचं: मला कानडी येत नाही.

हे खरं नव्हतं. कानडी मला सगळी कळायची. एम.ए.ला गुलबर्ग्याला आलो तेव्हा पहिल्याच महिन्यात एका वयस्कर प्राध्यापकांना मी वाट देत 'बा', म्हणजे 'ये', म्हणालो. ते लहानांना म्हणायचं. मोठ्यांना 'बर्री' म्हणतात. मागची सगळी पोरं हसली, प्राध्यापकही हसले. त्या दिवसापासून मी चारचौघांत कानडी बोललो नाही. दुकानात बोटानं दाखवायचो, बसमध्ये हिंदीत बोलायचो. इतकी वर्षं तसंच चाललं होतं, आणि ती माझी भीती आहे हे मी विसरूनच गेलो होतो. मला वाटायचं, तो माझा स्वभाव आहे.

मराठीचंही एक होतं. आमच्या चिंताकी गावात 'जातोय', 'करतोय' न म्हणता 'जायलाय', 'करायलाय' असंच बोलतात. आई तसंच बोलते. मी मात्र कॉलेजात गेल्यावर ती भाषा अंगावरून घासून काढली. शुद्ध, छापील मराठी बोलायला लागलो. मी गावातून वर आलो याचा माझ्याजवळ तेवढाच पुरावा होता.

बायकोची ड्युटी सकाळची असली की मी दुपारी तिचा डबा घेऊन जायचो. डबा देऊन लगेच परत फिरायचो. कुणी मला ओळखावं, कुणी विचारावं, असं मला वाटायचं नाही. त्या दुपारी मी गेलो तेव्हा आयसीयूच्या बाहेर एक म्हातारी बाकाच्या कडेला बसली होती. उदगीरकडची. नवऱ्याला आदल्या दिवशी आणलं होतं. मुलगा रक्ताची बाटली आणायला दुसरीकडं गेला होता. ड्युटीवरचा डॉक्टर तरुण, बेंगळुरूकडचा. तो कानडीत सांगत होता, मध्येच मोडक्या हिंदीत सांगत होता, आणि म्हातारी प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. "व्हय. व्हय."

बायको माझ्या हातातला डबा घेत म्हणाली, "अहो, तिला काहीच कळत नाहीये. मला आत बोलावलंय. तुम्ही सांगा तिला."

"मी? मला कानडी..."

"डॉक्टर काय म्हणतायत ते कळतंय ना तुम्हाला? मग मराठीतच सांगायचंय."

डॉक्टर माझ्याकडं बघत होता. त्यानं मला सगळं पुन्हा सांगितलं. मी म्हातारीसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "आजी, त्यांची प्रकृती अत्यंत चिंताजनक आहे. डॉक्टरांचे प्रयत्न सुरू आहेत, परंतु शरीर उपचारांना प्रतिसाद देत नाही."

"व्हय साहेब," म्हातारी म्हणाली. मग तिनं विचारलं, "मंग घरी कवा सोडत्याल?"

मी काय बोललो होतो ते माझं मलाच ऐकू आलं. वर्गात बोलायचो तसं बोललो होतो. डॉक्टरच्या कानडीपेक्षा माझी मराठी तिच्या जास्त जवळची नव्हती. मी तिच्या शेजारी बाकावर बसलो. तिच्या लुगड्याला धुराचा वास येत होता, आमच्या घरासारखा. तोंड उघडलं तेव्हा आईशी बोलतो तीच भाषा आली.

"माय, बाबायचा दम आता मशीनच घ्यायलीय. मशीन काडली की दम बी ऱ्हात न्हाई. डॉक्टरनं सगळं करून बगितलं."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं.

"म्हंजी जायलेत?"

"व्हय माय. जायलेत."

ती रडली नाही. पदर नीट केला आणि म्हणाली, "मंग मला आत जाऊ द्या की. कामून भाईर बसवलंय? त्यायला एकटं वाटायलं आसंल."

डॉक्टर बाजूलाच उभा होता. हे त्याला सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. मी उठलो आणि कानडीत सांगितलं. क्रियापदं चुकली, एका जागी शब्द सापडला नाही तिथं हातानं दाखवलं. डॉक्टर हसला नाही. त्यानं ऐकून घेतलं, "आयतु," म्हणजे बरं, एवढंच म्हणाला आणि दार उघडून तिला आत घेतलं. संध्याकाळी म्हातारा गेला. मुलगा पोचला होता. जाताना म्हातारी मला शोधत होती, असं बायकोनं नंतर सांगितलं. मी तेव्हा घरी भात लावत होतो.

थोड्या दिवसांनी बायको म्हणाली, "आमचे व्यवस्थापक विचारत होते. महाराष्ट्राकडचे पेशंट लई येतात, बोलायला कुणी नसतं. तुम्ही काउंटरला बसाल का?"

मी चिडलो. खिशावर दवाखान्याचं नाव असलेला निळा शर्ट घालून मी तिथं उभा राहू? औरादचा एखादा विद्यार्थी आला तर? ती भांडी आवरता आवरता म्हणाली, "मी रोज तसलाच निळा ड्रेस घालून जाते. मला कधी विचारलंत का, कसं वाटतं म्हणून?"

ती नोकरी करत होती, त्यावर घर चाललं होतं आणि त्याच घराच्या दारावर मी पाटी लावून बसलो होतो. आम्ही त्यानंतर बरेच दिवस गरजेपुरतंच बोललो. मी धड झोपत नव्हतो. डोळे मिटले की ते बाक दिसायचं. एका दुपारी मी आपण होऊन व्यवस्थापकाकडं गेलो आणि हो म्हणून आलो. मोठं काही ठरवलं होतं असं नाही. रोज भिंतीकडं बघत बसायचा कंटाळा आला होता.

आईला सांगायला चिंताकीला गेलो. ती अंगणात तूर पाखडत होती.

"आई, मी दवाखान्यात लागलोय."

"म्हंजी कॉलेजात न्हाईस आता?"

"न्हाई."

सूप थांबलं नाही. ती म्हणाली, "लोकायला काय सांगू?"

"सांग, दवाखान्यात हाय म्हणून."

ती अजूनही गावात मी कॉलेजात आहे असंच सांगते. मी तिला अडवत नाही. तिनं माझ्यासाठी खूप सोसलं, आणि तिच्या वाट्याला दाखवण्यासारखं एवढंच आलं होतं.

पहिले काही महिने मी निळ्या शर्टावर स्वेटर घालून बसायचो, उन्हाळ्यातसुद्धा. विद्यार्थीही भेटला. वडिलांना घेऊन आला होता. "सर, तुमी हितं?" म्हणाला, आणि माझं उत्तर यायच्या आत त्यानं वडिलांचा एक्स-रे माझ्या हातात दिला. त्याला माझ्या शर्टाचं काही पडलं नव्हतं. त्याचा बाप दुखण्यानं वाकला होता. त्या दिवशी मी स्वेटर काढला. उकडत होतं.

कानडी आता येते. चुकते, पण येते. कॉलेजात मराठी पुन्हा सुरू झालेली नाही. होईल असंही वाटत नाही. जून आला की अजून सकाळी फोनकडं लक्ष जातं, मग दुपारपर्यंत काउंटरवर गर्दी होते. या कामात मला समाधान मिळालं, असं मी म्हणणार नाही. लोकांना वाईट बातमी त्यांना कळेल अशा भाषेत सांगणं, हे समाधानाचं काम नाही. पण ते मला येतं, आणि मी त्याच्यापेक्षा वरचा आहे असं आता वाटत नाही.

कधी आमची दोघांची ड्युटी एकाच वेळी सुटते. स्टेशनकडच्या रस्त्यानं आम्ही चालत घरी जातो. ती कधीतरी विचारते, "आज ज्यांना सांगावं लागलं, ते कुठले होते?"

"भालकीकडचे," मी सांगतो.

"लेकरू होतं का?"

"व्हय," मी म्हणतो, आणि आम्ही भाजी घ्यायला थांबतो.