महिन्याभरात परत येतील

अब्बांचं कामथडीजवळ हायवेला गाद्या भरायचं दुकान होतं. आई गेल्यावर ते दुकानामागच्या खोलीतच राहायला लागले. मी लग्न होऊन भोरला. माझ्याकडे चला म्हणून मी मागे लागायची, पण लेकीच्या घरी राहायचं नाही हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

दोन हजार सालानंतर त्यांचं हृदय थकत गेलं. पाय सुजायचे, छातीत पाणी साठायचं, आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा. मग टेम्पो करून पुण्याच्या दवाखान्यात न्यायचं, पाणी उतरलं की घरी आणायचं आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. एका पावसाळ्यात त्यांना दुसऱ्यांदा घरी सोडत होते. तरुण डॉक्टर कागदावर सही करता करता शेजारच्या डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "हे महिन्याभरात परत येतील. एकटे राहतात, जेवण ढाब्यावर, गोळ्यांकडे बघायला कोणी नाही. असे पेशंट परत येतातच."

आवाज हलका होता, पण अब्बा तिथेच कॉटवर बसले होते. त्यांनी टोपी नीट केली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. माझ्याच्याने राहवलं नाही.

"डॉक्टर, तुम्हाला एवढं नक्की कळतंय, तर परत येऊ नयेत म्हणून काय करायचं ते कोण सांगणार?"

"सांगितलंय ना. मीठ कमी, गोळ्या वेळेवर."

"ते मागच्या खेपेलाही सांगितलं होतं. तरी आलोच. म्हणजे सांगण्यात काहीतरी राहतंय. ते सांगा, तोवर आम्ही कॉट सोडत नाही."

तो तापला. बाहेर पेशंट ताटकळले होते, ते मलाही दिसत होतं. पण मी हलले नाही. शेवटी त्याने स्टूल ओढलं आणि अब्बांसमोर बसला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच माझ्याऐवजी त्यांच्याशी बोलत होता. रोज सकाळी काही खायच्या आत वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगावर चढलेलं मांस नव्हे, पाणी. दम लागायची वाट बघू नका, त्याच दिवशी या.

"शेजारी भंगारवाल्याचा काटा हाय," अब्बा म्हणाले. "चालंल का?"

डॉक्टरने मान डोलावली. "रोज तोच काटा असेल तर चालेल."

दुसऱ्या दिवसापासून अब्बा पत्रे आणि सळया मोजायच्या काट्यावर उभे राहायला लागले. ट्रकवाले हसायचे. एकाने विचारलं, "चाचा, काय भावानं चाललाय?"

"लोखंडापेक्षा म्हाग पडंल. न्हाई परवडायचं तुला."

ढाब्यावरच्या मावशी कामथडीतल्याच एका शेतकऱ्याच्या घरातल्या. भाजीत मीठ घालायच्या आधी त्या अब्बांसाठी वाटीभर बाजूला काढायच्या. अब्बा कुरकुरत खायचे. जनावरसुद्धा ह्याला तोंड लावणार नाही, म्हणायचे. एकदा मला कापसाच्या ढिगात लोणच्याची बरणी सापडली. कडाक्याचं भांडण झालं आणि बरेच दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. पण काटा त्यांनी चुकवला नाही. "त्यो पोरगा माझ्या तोंडावर बोलला," ते मावशींना म्हणाले होते. "बघू कोण येतंय म्हयन्याभरात."

महिना गेला, दसरा गेला, दिवाळीही गेली. मग एका गावच्या जत्रेत त्यांनी मटणाच्या रश्श्यावर ताव मारला आणि दोन दिवसांनी ढाब्यावरून मला फोन केला. "काटा चढलाय. दम न्हाई लागला, पर चढलाय." त्याच दिवशी आम्ही एसटीने पुण्याला गेलो. डॉक्टर तोच होता.

"आलात परत," तो म्हणाला.

"व्हय, आलो. पर भरती व्हायला न्हाई. वाढलंय तेवढं काढून द्या. सांजच्या यष्टीनं माघारी जायचंय."

त्याने तपासलं, इंजेक्शन दिलं, दुपारपर्यंत बसवून ठेवलं आणि गोळी वाढवून सोडून दिलं. अंधार पडायच्या आत आम्ही दुकानात होतो.

पुढे पुन्हा कधी भरती व्हावं लागलं नाही, असं नाही. एका हिवाळ्यात न्यूमोनिया झाला, तेव्हा आठवडा काढावा लागला. पण दर महिन्याची टेम्पोची फेरी बंद झाली. कापूस पिंजायचं काम त्यांनी दुसऱ्याला दिलं, गाद्यांना टाके मात्र शेवटपर्यंत स्वतः घातले. ते गेले ते काही वर्षांनी, एका दुपारी, आपल्या खोलीत. दवाखान्यात ठेवलं असतं तर वाचले असते, असं मयतीला आलेले काही जण म्हणाले.

नंतर सासूबाईंच्या वेळीही आणि जावेच्या वेळीही घरी सोडायच्या दिवशी मी विचारत आले, "परत येतील असं वाटतंय का? आणि का वाटतंय?" डॉक्टर घड्याळ बघतात, नर्सबाई कपाळाला आठ्या घालतात. उत्तर मिळेपर्यंत मी पिशवी उचलत नाही.