व्हावं म्हणून की थांबावं म्हणून?

"काय, बरं आहे ना?" असं विचारून तुम्ही कधी उत्तराची वाट पाहिली आहे काय? खरं सांगा. आपण सगळेच विचारतो आणि उत्तर यायच्या आत पुढे चालू लागतो. उत्तर मिळेपर्यंत जागचा न हलणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमचे मावसाजी. मात्र ते प्रकृती विचारत नसत, थेट कोठा विचारत. "झालं का साफ?" हाच त्यांचा नमस्कार. ज्याच्या पोटाची खबर मावसाजींना नाही असा प्रौढ माणूस अख्ख्या नेर गावात नव्हता. शाळेच्या मास्तरांपासून कापसाच्या जिनिंगमध्ये मजुरी करणाऱ्या रेजांपर्यंत सगळे त्यांना इमानाने उत्तर देत, कारण खोटं बोलल्याचा संशय आला तर ते भर बाजारात जीभ बाहेर काढायला लावत.

मावसाजींची उभी हयात सरकारी दवाखान्यात जखमा धुणारा-बांधणारा ड्रेसर म्हणून गेली. नोकरी संपली तरी खोड गेली नाही. समोरच्या खोलीत त्यांचा पत्र्याचा डबा असे, त्यात पोट साफ करणाऱ्या सोनामुखीच्या पाल्याच्या पुड्या आणि एरंडेलाची बाटली. डब्याला भलंमोठं पितळी कुलूप आणि किल्ली कमरेच्या करदोड्याला. करदोडा आखूड असल्यामुळे डब्याला पोटाशी धरल्याशिवाय कुलूप उघडत नसे. मावशी म्हणायची, "लगन माह्याशी केलं, मिठी मात्र रोज डब्याले." मी म्हणायचो, मावसाजी, पाल्याला कसलं कुलूप? तर ते म्हणत, "बाबू, विष कुलपात ठेवाच लागत नाई, त्याले सारेच भेतात. ज्याले कोनी भेत नाई, ते कुलपात ठेवा लागते."

बरं, डबा उघडला म्हणजे औषध मिळालंच असं नाही. आधी तीन-चार दिवस भरपूर पाणी, अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर आणि सकाळी नाल्यापर्यंत चालणं. लग्नसराईत बुंदी आणि शेव खाऊन बसलेली माणसं येत, त्यांची तर ते डबा न उघडताच बोळवण करत. एवढ्या पथ्यानेही जमलं नाही तर चिमूटभर सोनामुखीची पुडी, झोपायच्या वेळी घ्यायची, आणि मग सकाळपर्यंत धीर धरायचा. आमच्या मास्तरांना धीर धरवला नाही. तासाभरात काही हालचाल नाही म्हणून त्यांनी शेजाऱ्याची पुडीही घेतली, आणि नेमकी दुसऱ्या दिवशी शाळेची तपासणी होती. साहेबांनी चौथीचा वर्ग तपासला, पाचवीचा तपासला, मास्तर काही कोणत्याच वर्गात सापडले नाहीत. मावसाजींनी एवढंच म्हटलं, "दवाई बैलगाडीनं येते मास्तर, मोटारीनं नाई. वाट पाहा लागते."

आठवड्यात दुसऱ्यांदा पुडी मागायला आलेल्याला ते सरळ दवाखान्याचा रस्ता दाखवत. "जुलाब म्हंजे पाव्हना हाये," ते सांगत. "एक दिवस आला तं घर झाडून जाते. महिनाभर राह्यला तं घरचे मान्सं काम करनंच सोडून देतात." पोट दुखत असेल, उलटी होत असेल, ताप असेल, बाई पोटुशी असेल किंवा रोगी लहान लेकरू असेल, तर डबा उघडायचा नाही, मग खुद्द तहसीलदार आला तरी. माझ्या मावसबहिणीला पाहायला आलेल्या मुलालाही त्यांनी शिक्षण आणि नोकरी विचारून झाल्यावर तिसरा प्रश्न तोच विचारला. मुलाचे वडील संतापून उठले. मुलगा मात्र खाली मान घालून म्हणाला, "दोन-दोन दिवस होत नाही." मावसाजी खूश झाले. म्हणाले, "पोट्टा खरं बोलते. द्या पोरगी." त्या दोघांचं आजही छान चाललं आहे.

आता माझा अपराध सांगतो. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. वडील सभांमधून पत्रकं आणत, त्यांवर अक्षरं गिरवतच मी वाचायला शिकलो होतो. जगातलं कोणतंही अज्ञान एका जळजळीत पत्रकाने संपतं यावर माझा विश्वास होता. आमच्या वस्तीने देव्हारे रिकामे केले, पण दर रविवारी लेकरांना आडवं पाडून, नाक दाबून एरंडेल पाजायचं काही सोडलं नाही. "देव गेले बाबू," मावसाजी म्हणत, "एरंडेल राह्यलं." त्यांचं हे वाक्य मी मनावर घेतलं. दोन वर्षांनी छापखान्यात जाऊन स्वतः पत्रक छापून आणलं. मथळा होता, 'लेकरांच्या नाकावरचा हात काढा'. आत मावसाजींचे सगळे नियम माझ्या तेजस्वी भाषेत, आणि शेवटी ठळक अक्षरांत, 'जुलाबाचे औषध हवे असल्यास ड्रेसर मावसाजींना भेटा. मोफत मिळेल.' त्यांना दाखवायचं होतं, पण बाजाराचा दिवस आला आणि मला दम निघाला नाही. सगळी पत्रकं वाटून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावसाजींच्या घरी बसलो होतो, ते न्हाव्याकडे दाढी करायला गेले असताना एक बाई आली. हातात माझं पत्रक, कडेवर लुगड्याच्या पदरात गुंडाळलेली वर्षा-दीड वर्षाची पोर. म्हणाली, "जिनवरच्या मुनीमजीनं वाचून दाखवलं. जुलाबाचं औषध देता म्हने."

माझी छाती फुगली. पत्रक काम करत होतं. लेकराला द्यायचं नाही, हा नियम मीच छापला होता, पण बाईने पोरीसाठी मागितलंय की स्वतःसाठी, एवढंही मी विचारलं नाही. मी धावत डब्याकडे गेलो. कुलूप. मी ते ओढलं, हिसडलं, ज्ञानाला कुलूप घालणाऱ्या समस्त पिढीला मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि शेवटी मावशीला खलबत्त्याचा दस्ता मागितला.

मी दस्ता उचलला तेवढ्यात दारात मावसाजी आले. एक गाल गुळगुळीत, एक गाल साबणाचा. एक बाई दवाईसाठी तुमच्या घरी गेली असं कुणीतरी सांगितल्याबरोबर ते तसेच उठून आले होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पोरीच्या तोंडावरचा पदर बाजूला केला. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले.

"कोनासाठी पायजे, माय? लेकरासाठी? व्हावं म्हनून का थांबावं म्हनून?"

"थांबावं म्हनून, बाप्पा," बाई म्हणाली. "कालपासून पान्यावानी होऊन राह्यलं. आता रडतबी नाई."

माझ्या हातातला दस्ता एकदम जड झाला. जे होतं त्यालाही आपल्या भाषेत जुलाब म्हणतात आणि ज्याने होतं त्यालाही जुलाबच म्हणतात, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. मावसाजींनी मावशीला तांदळाची पातळ पेज करायला सांगितली, तीत मीठ घातलं आणि चमच्याचमच्याने ते स्वतः पाजत राहिले. पोरीने दोन-चार घोट पोटात ठेवले तसं वाटी मावशीच्या हाती दिली, पोरीला खांद्यावर घेतलं आणि तोंडाला साबण तसाच ठेवून ते दवाखान्याकडे निघाले. बाजारपेठेतून जाताना त्यांनी कुणालाही "झालं का साफ?" विचारलं नाही. अख्ख्या पेठेला तेव्हाच कळलं, प्रकरण गंभीर आहे.

पाचव्या दिवशी बाई पोरीला घेऊन परत आली. पोर मावसाजींकडे झेपावली आणि मला पाहून रडायला लागली. तिला माणसांची पारख होती. मावसाजी मला रागावले नाहीत, तेच मला जास्त लागलं. संध्याकाळी पत्रक वाचून ते एवढंच म्हणाले, "बाबू, साजरं लिवलं. उत्तरं सारे हायेत यात. सवाल मात्र एकबी नाई."

गेल्या पावसाळ्यात मावसाजी गेले. शेवटच्या दिवसांत त्यांना माणसं ओळखू येत नव्हती, तरी कुणी खाटेजवळ बसलं की ते हळूच विचारत, "झालं का साफ?" आणि उत्तर येईपर्यंत पापणी हलवत नसत. डब्यात मावशी आता चहापत्ती ठेवते. कुलूप मी मागून घेतलं. किल्ली माझ्या करदोड्याला आहे. उघडायला काही नाही, पण चालताना ती कमरेला लागते आणि घाई कमी होते.

त्या पहिल्या पत्रकानंतर मी बरीच पत्रकं लिहिली, पण हे पत्रक नव्हे, तेव्हा एकच मागणं मागतो. तुमच्या दारी कुणी जुलाबाचं औषध मागायला आलं, तर हात डब्याकडे नेण्याआधी विचारा, कोणासाठी आणि व्हावं म्हणून की थांबावं म्हणून. आणि विचारल्यावर, कृपा करून, उत्तर येईपर्यंत थांबा.