दोन फेरे जास्त

कंटेनर यार्डाच्या गेटवर माझी नोकरी. आज समोर ड्रायव्हर गणपतरावांनी ट्रक मागे घेत घेत ट्रेलरपर्यंत आणला, खाली उतरून वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. आधीच्या ड्रायव्हरने ट्रेलर त्याच्या लोखंडी पायांवर इतका उंच करून सोडला होता, की ट्रक तसाच मागे घातला असता तर ट्रेलरची पिन ट्रकवरच्या खाचेत न अडकता वरूनच सरकली असती आणि ट्रेलर केबिनवर आदळला असता. गणपतराव भर उन्हात हँडल फिरवत बसले. एका फेऱ्याला ट्रेलर नखभरही उतरेना.

बघून माझंच डोकं फिरलं. सोडून जाणाऱ्यांचं हे असंच. माझ्या भावाने बाबांसाठी ऐटबाज पलंग घेतला आणि तो पुण्याला निघून गेला. पलंग इतका उंच की बाबांचे पाय जमिनीला टेकत नाहीत. मी खाली पाट ठेवते, तेव्हा कुठे ते उतरतात. भाऊ फोनवर विचारतो, "पलंग मस्त आहे ना?"

"कोणी सोडला हो हा असा?" मी गणपतरावांना विचारलं.

"कोणी का असेना, ताई," ते घाम पुसत म्हणाले. "ट्रेलर सोडताना आपला ट्रक खालून चटकन सुटावा म्हणून मीपण दोन फेरे जास्तच देतो."

मी त्यांना चांगलं सुनावणार होते. तेवढ्यात आठवलं. सकाळी निघायच्या घाईत केर काढताना तो पाट मीच पलंगाखाली सारला होता. बाबा घरी एकटे होते, आणि आता दुपारचे तीन वाजले होते.