हात न लावता हललेला फणस

आमच्या खुडबुड्याची उजव्या हाताची तर्जनी त्याच्या आधी घरात शिरायची. दाराची कडी, बेलचं बटण, पंख्याचा रेग्युलेटर, फ्रिजवर चिकटवलेलं प्लास्टिकचं वांगं, देव्हाऱ्यातली घंटा. प्रत्येकाला एकेक टोचा देत तो माझ्यापर्यंत पोचायचा आणि शेवटी माझ्या टकलावर टिचकी मारायचा. "अजून वाजत नाही, दादा," असं म्हणायचा आणि मग मागे जाऊन चपला काढायचा. मी त्याचा मामेभाऊ, चार वर्षांनी मोठा. मोठेपणाची खूण म्हणून माझ्याकडे ते टक्कल तेवढं होतं. त्याचंही त्यानं बटण करून टाकलं.

खुडबुड्या हे नाव आमच्या वडिलांनी ठेवलेलं. त्याची आई, म्हणजे माझी आत्या, त्याला बाला म्हणायची. मोठा झाला की ही खोड जाईल अशी तिची समजूत होती. झालं उलटंच. मुंबईच्या एका एजन्सीनं नेमक्या या खोडीसाठी त्याला नोकरीवर ठेवलं. कंपन्यांच्या वेबसाइट बनवायच्या, पण नुसत्या वाचायच्या नव्हेत, खेळायच्या. गाद्यांच्या कंपनीसाठी त्यानं एक साइट केली होती. गादीवर माणूस झोपलेला असतो. बोट लावलं की कूस बदलतो, दुसऱ्यांदा लावलं की घोरतो आणि तिसऱ्यांदा उठून बसतो आणि आपल्यालाच "तुला झोप येत नाही का रे?" असं विचारतो. आमच्या हिनं तो माणूस एका दुपारी इतक्या वेळा उठवला की शेवटी मलाच त्याची दया आली.

मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. आमच्याकडे भिंतीभिंतीवर पाटी आहे, 'हात लावू नये'. बावीस वर्षं ती वाचून माझा स्वभावच तसा झाला आहे. घरातलं लोणचंसुद्धा मी विचारून उघडतो. खुडबुड्या एकदा मला भेटायला गेटवर आला आणि ती पाटी बघून इतका हसला की रखवालदार संशयानं उठून उभा राहिला. "दादा, तुझ्या न् माझ्या धंद्यात एका शब्दाचा फरक आहे," तो म्हणाला.

पण त्याच्या धंद्यातही एक कडक नियम होता. आपण बोट लावलेलं नसताना पडद्यावर काहीही हलता कामा नये. आपोआप उड्या मारणारी चित्रं, आपोआप वाजणारी गाणी यांचा त्याला मनापासून राग. मी एकदा म्हटलं, हललं थोडं तर बिघडलं काय? तो म्हणाला, "हात लावल्यावर हलतं ते खेळणं, दादा. हात न लावता हललं की माणूस दचकतो. आणि त्यानं दचकायलाच पाहिजे." मला वाटलं, एजन्सीत साहेब लोकांसमोर म्हणायचं वाक्य असेल. मी ते माझ्या नावावर दोन लग्नांत खपवलंसुद्धा.

आत्याचं घर पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या पुढे, कुडपणच्या बाजूला चढत जाणाऱ्या डोंगराच्या पोटात. खाली शाळा आणि देऊळ, आणि वर अकरा घरांची वरची वाडी. आम्ही सगळ्याला मिळून नुसतं 'कोंड' म्हणतो. घरून काम करायचे दिवस आले तेव्हा खुडबुड्या लॅपटॉप घेऊन आईकडे राहायला गेला आणि तिथंच रमला. अडचण एकच होती. वाडीत मोबाइलला रेंज नाही. रेंज मिळायची ती ओढ्याच्या अलीकडच्या एका काळ्या कातळावर. तिथून अख्खी वाडी समोर मांडल्यासारखी दिसते. खुडबुड्या रोज त्या कातळावर छत्री रोवून मुंबईच्या मीटिंगा करायचा. बायका ओढ्यावरून येता-जाता मीटिंगमधल्या साहेबांना हात करायच्या.

समोर रोज तेच चित्र, आणि हा त्याला बोट लावल्याशिवाय राहणार कसा? त्यानं कातळावर पिवळ्या ऑइलपेंटचे तीन ठिपके काढले, कॅमेऱ्याच्या तिपाईच्या तीन पायांसाठी. दर रविवारी त्याच ठिपक्यांवरून, त्याच उंचीवरून वाडीचा एक फोटो. त्या फोटोंची त्यानं वेबसाइट केली. पडद्यावर बोट आडवं ओढलं की चैत्राचा फाल्गुन व्हायचा. डोंगर पिवळा, मग काळा, मग हिरवागार. घराला बोट लावलं की दार उघडून आतलं माणूस त्याच्या खऱ्या आवाजात बोलायचं. आत्याच्या दारातून "आला काय? चाय टाकू?" असं यायचं. तिच्या कपिला गाईला टोचलं की ती हंबरायची. गोठ्यामागून एक टकला माणूस कोंबडीमागे धावताना दिसायचा. तो मी. मुंबई-सुरतेला गेलेले आमचे सगळे लोक दिवसभर ती साइट उघडून बसायचे. मला फोन यायचे, "काल कोंबडी सापडली काय?"

दुसऱ्या पावसाळ्यात, श्रावणातल्या एका सोमवारी, तो लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून महाडला माझ्या घरी आला. त्या दिवशी त्यानं बेल वाजवली नाही, दार ठोठावलं. वांग्याला बोट लावलं नाही. माझं टक्कलही तसंच राहिलं. त्यानं लॅपटॉप उघडून दोन वर्षांचे श्रावणातले दोन फोटो एकावर एक ठेवले. शाळेवर शाळा बसली. देवळाच्या कळसावर कळस बसला. आत्याच्या घराच्या कौलांवर कौलं बसली. वरच्या बाजूला मात्र, वाडीच्या माथ्यावरचा फणस आणि त्याच्या शेजारचा विजेचा खांब, दोघंही दोन-दोन दिसत होते. एक मागच्या वर्षीचा आणि एक त्याच्या थोडा खाली.

त्यानं आधी स्वतःचीच चूक शोधली होती. तिपाई तपासली, काच पुसली, तीन रविवार पुन्हा फोटो काढले. फणस खालीच.

"दादा, हात न लावता हललंय," तो म्हणाला.

खोटं कशाला सांगू, मी हसलो. म्हटलं, तुझ्या साइटवर काय हलत नाही ते सांग, मी स्वतः कोंबडीमागे दोन वर्षं धावतोय. तो हसला नाही. चहा तसाच ठेवून पावसातच परत गेला.

पुढचं सगळं मी बघत होतो. त्यानं वाडीतल्या लोकांना देवळात जमवून ते दोन फोटो दाखवले, बोट ओढून. बोट इकडे ओढलं की फणस वर, तिकडे ओढलं की खाली. लोकांना ते फार आवडलं. पुन्हा कर, पुन्हा कर, असं झालं. एकानं विजेच्या खांबाला नाचवता येईल का विचारलं. आणि खुडबुड्याचं दुर्दैव असं की आईसमोर त्याला गंभीर होताच यायचं नाही, तिच्याकडे बघितलं की त्याच्या चेहऱ्यावर हसू यायचंच. त्या दिवशीही आलं. आत्या म्हणाली, "फनस खाली आनलास, बरा केलास बाला. माझा चढायचा वाचला." देऊळभर हशा. मीही होतो त्यात, दुसऱ्या रांगेत.

मग त्यानं साइटवरच्या सगळ्या गमती काढून टाकल्या. गाईचं हंबरणं काढलं, दारांचे आवाज काढले, मलाही काढला. ठेवले फक्त फोटो आणि त्याखाली एक ओळ, 'डोंगर सरकतो आहे'. आठवडाभर कोणी साइट उघडलीच नाही. मुंबईकर चिडले, गाय परत आणा म्हणाले. त्यानं गाय परत आणली. "गंमत ठेवली तर कोणी खरं मानत नाही, काढली तर कोणी बघत नाही," मला फोनवर म्हणाला. तालुक्याच्या कचेरीतही तो जाऊन आला. तिथल्या साहेबांना गाय फार आवडली. अर्ज घेतला गेला, पाहणी उन्हाळ्यात झाली, कोरड्या डोंगरावर कोणाला काही दिसलं नाही.

त्या उन्हाळ्यात तो मला आणि आत्याला फणसाच्या वर घेऊन गेला. करवंदीच्या जाळीमागे जमिनीला एक भेग होती, हात जाईल एवढी रुंद आणि लांब कुठवर गेलेली ते दिसत नव्हतं. आत्या म्हणाली, उन्हानं भुई फुटते, दर वर्साला फुटते. मी खाली वाकून एक खडा टाकला. तो पडल्याचा आवाज आला नाही. मी काहीतरी विनोद करायचा म्हणून खुडबुड्याकडे बघितलं. तो भेगेपासून दोन पावलं मागे उभा होता आणि त्यानं दोन्ही हात पाठीमागे बांधले होते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला कशाला तरी बोट न लावताना पाहिलं. मला तेव्हा खरी भीती वाटली. तरी विनोद मी केलाच.

खाली आल्यावर त्यानं आईची विनवणी केली. पावसाळ्याचे चार महिने तरी शाळेशेजारच्या रिकाम्या खोलीत राहा, नाहीतर महाडला दादाकडे, नाहीतर मुंबईला. ती गेली तर वाडीतले बाकीचे तिच्यामागून उतरतील, हे त्याला माहीत होतं. बाळंतपणापासून भांडणापर्यंत सगळे तिलाच विचारतात. आत्या भाकरी थापत होती. "आनि गाय कुठं बांधू? तुझ्या साइटवर?" एवढंच म्हणाली. तोही हसला. काय करणार?

तो पावसाळा काही न होता गेला. लोकांनी त्याची थट्टा केली, मायेनंच केली. त्यानंतरच्या मार्गशीर्षात मुंबईत, कामाच्या टेबलावर, दुपारी जेवणानंतर खुडबुड्या गेला. हृदय बंद पडलं. सेहेचाळीस वर्षांचा होता.

जायच्या महिनाभर आधी त्यानं माझ्या फोनवर एक खेळणं घालून दिलं होतं. तसा माझा आणि यंत्रांचा संबंध बेताचा, टीव्हीचा रिमोट मी अजून दोन्ही हातांनी धरतो. म्हणून त्यानं त्यात एकच मोठं बटण ठेवलं होतं. कातळावर जायचं, पिवळ्या ठिपक्यांवर तिपाई ठेवायची, तिच्यावर फोन बसवायचा. पडद्यावर त्यानं काढलेला शेवटचा फोटो फिका दिसतो. त्याच्यावर समोरची वाडी बरोबर बसली की बटण दाबायचं. सगळं जागच्या जागी असेल तर कपिला हंबरते. नसेल तर हंबरत नाही. "पावसाळ्यात दर रविवारी, दादा. विनोद नंतर सुचू दे, आधी बटण दाब." मी म्हटलं, मी स्टोअरवाला माणूस, हात लावू नये अशी आमच्याकडे पाटी आहे. तो म्हणाला, म्हणूनच तुला देतोय.

गेला पावसाळाभर मी गेलो. दोन रविवार चुकवले, एकदा पाहुणे होते आणि एकदा कंटाळा. बाकी प्रत्येक वेळी कपिला हंबरली. खरी कपिला तोवर मेली होती. आत्या तिच्या कालवडीला वाढवत होती. ओढ्यावर तो आवाज ऐकला की बायका हसायच्या, "मेलेली गाय चरायला आनलीस काय, बाबू?" मलाही त्याची मजा वाटू लागली होती. मी मनाशी म्हणू लागलो होतो की खुडबुड्याची ही शेवटची खोडी, आपल्याला दर रविवारी महाडहून एवढ्या लांब पळवायची.

हा रविवार यंदाच्या आषाढातला. चार दिवस पाऊस लागून राहिला होता, सकाळी थोडा थांबला. ओढ्याचं पाणी तांबूस दिसत होतं, नेहमीपेक्षा जाड. मी तिपाई ठिपक्यांवर ठेवली, बटण दाबलं आणि हंबरणं ऐकायला सवयीनं कान दिला.

काहीच नाही.

फोनवरचं पाणी पुसलं. तिपाई उचलून पुन्हा ठेवली. ठिपके बोटानं घासून बघितले. नऊ वेळा बटण दाबलं. मग चष्मा पुसून पडद्यात नीट पाहिलं. शाळेवर शाळा होती. कळसावर कळस होता. फणस मला पहिल्यांदा सापडेचना, तो फार खाली आला होता. आणि आत्याच्या घराच्या कौलांना दोन कडा दिसत होत्या.

वाडीत रेंज नाही, म्हणजे फोन करून सांगता येत नाही. मी चढायला लागलो. वाटेत सवयीनं सुरुवात जुळवत होतो, आत्याला घाबरवायचं नाही म्हणून काहीतरी हलकं. तीन-चार वाक्यं जुळलीही. आमच्या सगळ्या नात्यागोत्यात मी गोष्टी रंगवून सांगणारा म्हणून प्रसिद्ध आहे. बारशाला, बाराव्याला, मी बोलायला लागलो की लोक आधीच हसायला लागतात. या माणसानं 'डोंगर येतोय' म्हटलं तर कोण उठणार?

आत्या गोठ्यात होती, कालवडीपुढे गवत टाकत. मी दारात उभा राहिलो. जुळवलेल्यातलं एकही वाक्य तोंडातून निघेना.

"गाय हंबरली नाही, आत्या," मी म्हणालो.

तिनं गवत तसंच हातात धरलं. "कितीदा दाबलास?"

"नऊदा."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, बराच वेळ. डोळे, ओठ, पुन्हा डोळे. काहीतरी शोधत असल्यासारखी, आणि ते सापडत नसल्यासारखी. वर कुठंतरी एक दगड सुटला आणि जाळीत अडकून थांबला.

"बाला सांगायचा तवा हसायचा," ती म्हणाली. "मला वाटायचा, खेळतो हाय."

मग तिनं गवत खाली ठेवलं, खुंट्याचं दावं सोडलं आणि ते माझ्या हातात दिलं.

"गाय कुठं बांधू ता सांग. बाकीच्यांना मी बोलवते."