गडव्यावरचं नाव

दवनीवाड्यात भांड्यावर नाव टाकावं तर भूमेश्वरीनं. बाजाराच्या दिवशी ती भांड्यांच्या दुकानापुढे मशीन घेऊन बसली, की तिची घर्रर्र पानठेल्यापर्यंत ऐकू जायची. पाच वर्षांत तिनं अर्ध्या गावाचे बाप, नवरे आणि सासरे स्टीलवर उतरवले होते. बाईचं नाव टाका, असं मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

तिचे वडील मोहनलाल पटले तसे मायाळू गृहस्थ. खोड एकच. मुलीचा विषय निघाला की म्हणायचे, "पोरगी म्हंजे परायं धन." दुधावरची साय तिच्या वाटीत पडायची तीसुद्धा याच हिशेबानं, की दुसऱ्याची वस्तू झिजलेली परत करू नये. तिला ताप आला तर डॉक्टरला बजावायचे, "नीट पाहा जी, लोकायचं धन हाये!"

२००७ साली या धनाचा मालक सापडला. तिरोड्याचा तिलक बिसेन, शाळामास्तर. लग्नाला पाच दिवस उरले असताना आंदणाची एक्कावन्न भांडी ओसरीवर मांडली गेली आणि मोहनलालनी मजकुराचा कागद लेकीपुढे धरला: 'मोहनलाल पटले यांजकडून तिलक बिसेन यांस.'

भूमेश्वरीनं तो वाचला, मशीन सुरू केली आणि सुई थेट स्वतःच्या मनगटाशी नेली.

"अवो पोरी, का करून राहिली?"

"माह्यावर नाव टाकून राहिली. एक्कावन्न नगावर टाकाचं, मंग बावन्नावा कायले सोडाचा? मीबी तं धनच हावो!"

आत लाडू वळणारी तिची आई रामकली ओरडली, "पाठीवर टाक, तठी जागा जास्त हाये!"

"तू चूप राय वो!" मोहनलाल कडाडले.

भूमेश्वरीनं मशीन बंद केली. "बाबूजी, भांडे मले देऊन राहिले का त्यायले? मले असन तं माहं नाव पाहिजे. नाई तं मी एकबी चमचा नेत नाई."

"व्याही का म्हनतीन?" एवढं बोलून मोहनलाल आत निघून गेले.

भूमेश्वरी आंदणातल्या पाण्याच्या गुंडाला टेकून बसली. थट्टा करताना मजा वाटली होती, आता ती उरली नाही. बाबूजी कागदावरच अडून बसले, तर आपणही त्या भांड्यांसारख्याच दुसऱ्याच्या नावानं पोचत्या होणार.

मोहनलाल बाहेर आले ते आपला पितळी गडवा घेऊन. त्या गडव्यातून दुसऱ्या कुणी पाणी प्यायची घरात छाती नव्हती.

"यावर टाक."

"कोनाचं?"

"तुहं. हा अठीच राहीन. येशीन तवा यातच पानी पेजो."

"आन त्या एक्कावन्नावर?"

"त्यायवरबी तुहंच. व्याह्याले मी पाहून घेतो." मग मान हलवत म्हणाले, "तू काई धन नाईस. धन मले आजवर असं तोंडावर बोललं नाई!"

सुई पितळेवर टेकली. पाच वर्षांत पहिल्यांदाच तिच्या अक्षराची रेघ वाकडी गेली. भूमेश्वरीनं डोळे पुसले आणि ती तशीच ठेवली.

तोवर रामकली गंज, कोपर, परात अशी भांडी, म्हणजे सगळं स्वयंपाकघरच उचलून आली. "तीस वर्सं घासून राहिली मी. हानजो माहं नाव!" आईमागोमाग शेजारणी आल्या, त्यांच्यामागे त्यांच्या सासवा. ओसरीवर रांग लागली, लाडू संपले.

संध्याकाळी रांगेच्या अगदी शेवटी मोहनलाल उभे होते. हातात जेवणाचं ताट.

"एखांद्यावर माहंबी राहू दे वो," ते हळूच म्हणाले.