न ठोकलेली गाडी

कारंजा सोडलं आणि एसटीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना नुसतं सोयाबीन दिसू लागलं. मी निघालो होतो इंझोरीला, एक जुनी मोटार बघायला. लेकीला चिखलदऱ्याला नोकरी लागली होती, रोजचा घाट. ठोकलेली, वरून रंग मारलेली गाडी तिच्या हाती द्यायची नाही, एवढं ठरवूनच अमरावतीहून आलो होतो.

मालक प्रल्हादभाऊ, तिथले शेतकरी. त्यांनी आधी भाकर-बेसन वाढलं. मग मी कामाला लागलो. मोबाइलवर नोंदणी आणि विमा तपासला, दारांची रबरं ओढून जुना रंग शोधला, बॉनेटचे बोल्ट न्याहाळले. शेवटी पाठीवर झोपून गाडीखाली शिरलो आणि शर्टाला ग्रीस फासून बाहेर आलो.

"भाऊ, तुमी गाडी पाह्यले आले का पोरगी?" त्यांनी विचारलं.

"पोरीला एवढ्या बारकाईने बघत नाहीत. गाडीत खोट सापडत नाही, म्हणून संशय येतोय."

चालवून बघायला आम्ही पोहरादेवीपर्यंत गेलो. उत्सवाचे दिवस नव्हते; देवळापुढे नारळवाल्या बायका डुलक्या घेत होत्या. दर्शन झालं आणि मला लहर आली. नाटकातल्या न्यायाधीशासारखा आवाज लावून म्हणालो, "प्रल्हादभाऊ, देवीच्या पायरीवर हात ठेवा. म्हणा, गाडी कधी ठोकली नाही."

त्यांनी हसत हात ठेवला. "कधीच नाई ठोकली. घासली बी नाई."

"आता म्हणा, माझ्यापासून काही लपवलं नाही."

त्यांनी हात काढून घेतला.

"हे नाई म्हनत मी." ते पायरीवरच बसले. "माय गेली या गाडीत. मागच्या शिटवर. छातीत दुखून राह्यलं होतं, वाशिमले नेत होतो तिले. दोघं जन आले होते गाडी पाह्यले. त्याहिले सांगतलं, तं हात न लावता गेले. म्हनून तुमाले नाई सांगतलं."

"त्यात गाडीचा काय दोष, भाऊ?"

"गाडीचा नाई." त्यांनी गाडीकडे पाहिलं. "माय म्हने, हळू चालव बापू, मले भेव लागते. म्या हळू चालवली. तिचं ऐकलं."

सकाळपासून मी त्याच बिनओरखड्याच्या पत्र्यावरून खुशीत हात फिरवत होतो.

परतताना त्यांनी किल्ली मला दिली आणि मागचं दार उघडून आत बसले. "इथं बसलोच नाई मी कधी," एवढंच म्हणाले. इंझोरी आल्यावरही ते उतरले नाहीत. मी इंजिन बंद केलं आणि थांबलो.

परतीच्या एसटीत वाटत राहिलं, मी इतकं तपासलं, पण या गाडीत कोण कोण बसायचं, हे साधं विचारलं नव्हतं.

घरी लेकीला सगळं सांगितलं; गाडी तिची, निर्णय तिचा. तिने माझ्याच फोनवरून त्यांना फोन लावला.

"काका, गाडी मला हवी. पण मी न्यायला आले की घाट चढेपर्यंत तुम्ही शेजारी बसा. बाबांबरोबर भीती वाटते, ते फार पळवतात."

पलीकडून प्रल्हादभाऊ म्हणाले, "कवा येतं मंग, बेटा?"