पोलाखाली उभे राहणारे आण्णा

सबस्टेशनवर तक्रारींसाठी रजिस्टर असतं, किश्श्यांसाठी नसतं. त्यामुळं तक्रारी मिटत जातात आणि किस्से साठत जातात. नेकनूरजवळच्या आमच्या सबस्टेशनवर मी, जाधव, ऑपरेटर म्हणून बरीच वर्षं काढली. तिथले निम्मे किस्से एकाच माणसाचे आहेत. गुलाबआण्णा, आमचे हेड लाइनमन.

आमच्यातलं कुणीही पोलावर चढलं की ते उतरेपर्यंत आण्णा खाली, मान वर करून उभे. ऊन असो, पाऊस असो. पुढं त्यांची मान दुखायला लागली. डॉक्टर म्हणाले, "वर बघणं बंद करा."

आण्णांनी डॉक्टर बदलला.

*

हेड झाले तेव्हा आण्णा लई तापट होते. एकदा त्यांची पक्कड सापडेना. रफिक हा आमचा जुना लाइनमन, तीन लेकरांचा बाप. आण्णांनी त्याला सगळ्यांसमोर धुतला. "वस्तू जागेवर ठेवायची अक्कल न्हाई का बे?" रफिक पक्कड शोधत राहिला.

घरी गेल्यावर पक्कड आण्णांच्याच पिशवीत निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना गोळा केलं. "काल सगळ्यांसमोर बोललो, म्हणून माफीबी सगळ्यांसमोर. चूक माझी हाय, रफिक."

आम्हाला वरिष्ठांच्या शिव्यांची सवय, माफीची नाही. शेवटी रफिक म्हणाला, "आण्णा, माफी राहू द्या. पक्कड द्या. लाईनवर जायचंय."

तेव्हापासून राग आला की आण्णा आधी बाहेर जाऊन तोंड धुवायचे. पहिला महिनाभर आमच्या टाकीतलं पाणी दुपारीच संपायचं.

*

कंपनीनं त्यांना तीन दिवसांच्या लीडरशिप ट्रेनिंगला पाठवलं. आण्णा एक फाइल, एक पेन आणि गळ्यात ओळखपत्र घेऊन परत आले.

मी विचारलं, "काय शिकवलं आण्णा?"

"चांगल्या लीडरचे आठ गुण असत्यात."

"कोणते?"

"सात विसरलो."

"आणि आठवा?"

"समोरच्याचं ऐकून घेणं. तू सोमवारी रजेचं काहीतरी म्हनत होतास, मी ऐकलंच न्हाई. बोल आता."

*

सुनीता आमच्याकडं नवीन लागली. आई-वडील ऊसतोडीला जायचे, तिनं वसतिगृहात राहून आयटीआय केलेलं. पोलावर चढायची ती रफिकपेक्षा चपळ. हे रफिकच सांगायचा, पण हळू आवाजात.

तिला लिंबागणेशला एका वस्तीवर पाठवलं. थोड्या वेळानं तिथून आण्णांना फोन आला. "ओ आण्णा, माणूस पाठवा की."

"पाठवलाय. पोचली न्हाई का?"

"पोरगी आलीय."

"बरं. मी निघालोच हाय, खाली उभा राहायला. तुमाला गडी पाहिजे का लाईट?"

पलीकडं आपसात कुजबुज झाली. मग आवाज आला, "लाईट."

*

नांदूरघाटकडच्या एका मोठ्या बागाईतदाराची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली. त्यांच्याआधी दोघांचा नंबर होता. त्यांनी सीताफळांची पाटी पाठवली, सोबत निरोप, "आमचं जरा आधी बघा."

आण्णा बाहेर गेले होते. आम्ही पाटीभोवती बसून चर्चा केली आणि चर्चेत दोन सीताफळं संपली. आण्णांनी आल्या आल्या पाटी परत न्यायला सांगितली. दोन कमी आहेत म्हटल्यावर ते तोंड धुऊन आले. मग रफिकला बाजारात पिटाळून दोन आणवली, पाटीत ठेवली आणि पाटी पाठवून दिली.

नंबर लागल्यावर त्यांची डीपी बदलली. बागाईतदार आण्णांना म्हणाले, "काम झाक झालं. पण पाटीतली दोन फळं आमच्या झाडाची नव्हती."

*

एकदा तालुक्यातल्या एका पुढाऱ्याची सभा आणि नेमकी गावातली लाईट गेलेली. मी सबस्टेशनवर एकटा. पुढारी पंधरा माणसं घेऊन आत आले. "चालू कर."

मी म्हणालो, "लाईनवर माणूस आहे साहेब."

"बदली कुठं पाहिजे ते सांग."

मी आण्णांना फोन लावला. ते म्हणाले, "स्पीकरवर टाक." मग शांतपणे म्हणाले, "साहेब, मी पोलाखाली उभा हाय. वर रफिक हाय. तुमी इथं या, त्याच्याकडं बघा, आन मग सांगा चालू करा म्हणून. तवर जाधव बटनाला हात लावणार न्हाई."

पुढारी खरंच गेले. तिथं आण्णा वर बघत होते. मग पुढारी वर बघायला लागले. मग पंधराच्या पंधरा जण. अर्ध्या तासानं रफिक तार जोडून उतरायला लागला. खाली एवढी माणसं, पडू नयेत म्हणून टोप्या हातात घेऊन, उभी पाहून तो मधेच थांबला.

"आण्णा," त्यानं वरूनच विचारलं, "कोण गेलं?"

*

आण्णांच्या मुलीचं लग्न गोरज मुहूर्तावर होतं. आम्ही सगळे नवे कपडे घालून, फेटे बांधून मांडवात. वारा सुटला आणि लाईट गेली. मी सबस्टेशनला, ड्युटीवरच्या ऑपरेटरला फोन केला. दोन ठिकाणी तार तुटलेली, एक मांडवाच्या लाईनवर, एक सरकारी दवाखान्याच्या. दवाखान्याचा जनरेटर बंद होता आणि आत एक बाई बाळंत होत होती.

आण्णांनी मुलीकडं पाहिलं. ती मुंडावळ्या सावरत म्हणाली, "बाबा, आधी दवाखान्याचं बघा. मी कुठं पळून जातीय."

आम्ही फेट्यांसकट निघालो. सुनीता काठपदराची साडी बदलून कुणाचे तरी शर्ट-पँट चढवून आली आणि तीच पोलावर चढली. आण्णा खाली उभे. पाऊण तासात दवाखान्यात उजेड पडला. मग मांडवाच्या लाईनकडं निघालो. रस्ता मांडवावरूनच जात होता.

मांडवात मोबाईलच्या उजेडात पाहुणे ताटकळलेले. दारात नवऱ्या मुलाचे मोठे चुलते उभे होते, पुण्याहून आलेले, त्यांनी आण्णांना कधी पाहिलेलं नव्हतं. आमच्या खांद्यावरची शिडी बघून ते गरजले, "कोण आहे इथला लाइनमन? लग्नघरात अंधार करून कुठं फिरतोय? आणि मुलीच्या बापाचाही पत्ता नाही!"

आण्णांनी काळे झालेले हात धोतराला पुसले आणि जोडले.

"दोन्ही मीच हाय," ते म्हणाले. "अजून धा मिनिटं द्या."